पोकेमॉनची वही कपाटात ठेवू नका

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या वाचकांच्या पत्रांमध्ये एका काकांचं पत्र आलं होतं, की हल्लीची मुलं राक्षस पाळायचे आणि त्यांच्या झुंजी लावायचे गेम खेळतात, आईबापांनी सरळ हातातून काढून घ्यावं, वगैरे. त्यात पोकेमॉनचं नाव घेऊन लिहिलं होतं की यातून डोक्याला काही खुराक मिळत नाही. काकांची काळजी खरी आहे, तिच्याबद्दल वाद नाही, पण ते खुराकाचं वाक्य मला अजिबात पटलेलं नाही. का पटलं नाही ते नीट लिहितो, पत्र लांबेल, छापायला जागा नसेल तर बाकी कुठलंही कापा पण वहीबद्दल लिहिलंय ते कापू नका एवढी विनंती.

मी नाशिकच्या सिडकोत राहतो, अंबडला एका कंपनीत सीएनसी मशीनवर आहे. माझी भाची सहावीत आहे, ताई आणि दाजी दोघंही नोकरीला त्यामुळे शाळा सुटल्यावर ती आमच्याकडेच असते, आईच्या म्हणजे तिच्या आजीच्या ताब्यात. ही पोरगी दिवाळीच्या सुट्टीपासून एका लढतीची तयारी करतेय. समोरचा गडी आजपर्यंत एकदाही हरलेला नाही. त्याचं नाव लिऑन, गॅलार नावाच्या प्रदेशाचा चॅम्पियन, आणि तो पोकेमॉन स्वोर्ड या गेममध्ये आहे. हा गेम आणि त्याचा जोडीदार शील्ड, दोन्ही नोव्हेंबर 2019 मध्ये आले, निन्टेन्डो स्विच या गेम खेळायच्या यंत्रावर खेळतात. आमच्याकडचं स्विच मी मित्राकडून सेकंडहँड घेतलंय, कोपऱ्याला थोडं तुटलेलं आहे पण चालतं व्यवस्थित.

आता ज्यांना यातलं काहीच माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. गेममध्ये तुम्ही एक लहान ट्रेनर असता. गावातून निघायचं, जंगलात मैदानात पोकेमॉन, म्हणजे वेगवेगळ्या ताकदीचे काल्पनिक प्राणी, पकडायचे, त्यांना वाढवायचं, आणि एकेक करत आठ जिम लीडरांना, म्हणजे एकेका प्रकारच्या पोकेमॉनमध्ये तरबेज असलेल्या ट्रेनरांना, हरवायचं. स्वोर्डमध्ये पहिला गवताचा, मग पाण्याची, आगीचा, फायटिंगची, मग फेअरीवाली म्हातारी, मग दगडाचा, अंधाराचा आणि शेवटी ड्रॅगनचा रायहान. हे सगळं भरल्या स्टेडियममध्ये चालतं, लोक गाणी म्हणत असतात, अंगावर नंबरवाली जर्सी असते. आठही झाले की फायनलच्या फेऱ्या, आणि त्या पार केल्या की मग लिऑन. अंगावर स्पॉन्सरच्या लोगोंनी भरलेला मोठा झगा, शेजारी त्याचा आग ओकणारा पोकेमॉन चॅरिझार्ड. आणि एक गोष्ट मला फार आवडते ती म्हणजे या चॅलेंजला उतरायला कुणाचं तरी शिफारसपत्र लागतं आणि आपल्या ट्रेनरला ते खुद्द लिऑनच देतो, स्वतःच्या धाकट्या भावालाही देतो. म्हणजे न हरलेला माणूस स्वतःच दोन पोरांना सांगतोय की तयार होऊन या आणि मला हरवा, त्याला गॅलारमधले सगळेच ट्रेनर तगडे झालेले हवेत. मोठ्या माणसांनी लहानांशी असं वागावं असं मला मनापासून वाटतं, म्हणून हे सांगितलं.

आता वहीकडे येतो कारण पत्र लिहायचं खरं कारण तेच आहे.

भाचीने एक शंभर पानी वही केली होती. पहिल्या पानावर मोठा तक्ता, आडवे अठरा रकाने उभे अठरा रकाने, कारण पोकेमॉनचे प्रकार म्हणजे टाइप अठरा आहेत आणि कुठल्या टाइपचा मार कुठल्या टाइपला किती लागतो हे त्यावर ठरतं. अठरा गुणिले अठरा 324 चौकोन. जिथे दुप्पट लागतो तिथे हिरवं, अर्धा लागतो तिथे लाल, आणि जिथे लागतच नाही तिथे शून्य. अशी शून्यं पूर्ण तक्त्यात फक्त आठ आहेत, म्हणजे विजेचा मार जमिनीवाल्याला लागत नाही, जमिनीचा मार उडणाऱ्याला लागत नाही, ड्रॅगनचा मार फेअरीला लागत नाही, अशी. हे तिने पाठ केलेलं नाही, लढता लढता भरत गेली, चुकीचा रंग झाला की व्हाइटनर.

पुढच्या पानांवर लिऑनची टीम. शाळेतल्या मैत्रिणीच्या दादाने गेम पूर्ण केलाय, त्याच्याकडून तिने नावं आणली. एजिस्लॅश, ड्रॅगापल्ट, हॅक्सोरस, शेवटी चॅरिझार्ड, आणि मध्ये दोन तुमच्या पहिल्या निवडीवरून ठरतात. ही निवड म्हणजे सुरुवातीला तीनपैकी एक पिल्लू घ्यायचं असतं, गवताचं, आगीचं किंवा पाण्याचं, आणि तुम्ही जे घ्याल त्याच्यावर भारी पडणारं लिऑनकडे जातं. भाचीने घेतलं गवताचं ग्रूकी, हातात काठी असलेलं माकड, का तर ते मोठं होऊन रिलाबूम होतं आणि रिलाबूम दोन काठ्यांनी ढोल बडवतो. नाशिकची पोरगी, गणपतीत ढोल पथकाच्या मागे मागे फिरणारी, दुसरं काय घेणार होती. पण त्याचा परिणाम असा झाला की लिऑनकडे आगीचा सिंडरेस गेला, चॅरिझार्ड तर आगीचा आहेच, म्हणजे तिचा सगळ्यात लाडका गडी समोरच्या दोन तगड्या गड्यांपुढे कच्चा. मैत्रिणीच्या दादाने सरळ सांगितलं की रिलाबूम टीममधून काढ. तिने नाही काढला.

न काढता काय केलं ते बघा. ढोल बडवण्याची जी मूव्ह म्हणजे वार करायची चाल आहे ना तिने मार तर बसतोच पण समोरच्याचा वेग पण कमी होतो, एकदा बसली की वेग दोन तृतीयांश उरतो, दोनदा बसली की अर्धा. तर हिने ठरवलं की रिलाबूमला आगीवाल्यांसमोर आणायचंच नाही, हॅक्सोरससमोर आणायचं, तो ड्रॅगन आहे, गवताचा मार त्याला अर्धाच लागेल, चालेल, पण दोनदा ढोल वाजला की त्याचा वेग अर्धा, मग रिलाबूम पडला तरी चालेल, मागून येणारा गडी आधी वार करणार. हे वहीत बाणांनी काढून दाखवलं होतं आणि खाली लिहिलं होतं, रिलाबूमचं काम इथपर्यंत.

तो मागून येणारा गडी आधी गार्डेवॉर होता. फेअरी टाइप, ड्रॅगनला एकदम भारी. पण मग तिच्या लक्षात आलं की ड्रॅगापल्ट निव्वळ ड्रॅगन नाहीये, ड्रॅगन आणि घोस्ट दोन्ही आहे, आणि गार्डेवॉर अर्धी सायकिक आहे त्यामुळे घोस्टचा मार तिला दुप्पट बसणार, वर ड्रॅगापल्ट प्रचंड वेगवान, आधी तोच मारणार. मग गार्डेवॉरवर काट. खाली ग्रिमस्नार्ल, जो अंधार आणि फेअरी दोन्ही आहे. ड्रॅगनचा मार त्याला शून्य, घोस्टचा मार अर्धा, आणि त्याचे स्वतःचे दोन्ही प्रकारचे मार ड्रॅगापल्टला दुप्पट. एकच गडी दोन्ही ड्रॅगनना पुरतो. ती काट मारलेली ओळ मी स्वतः बघितलीय, काट मारताना पेन इतकं दाबलेलं की मागच्या पानावर उमटलं होतं.

आणि एजिस्लॅशचं तर मला तिने समजावून सांगितलं तेव्हा मी जेवता जेवता थांबलो. हा एजिस्लॅश म्हणजे तलवार आणि ढाल. ढाल पुढे असते तेव्हा त्याचा बचाव जबरदस्त असतो, पण वार करायला तलवार उपसली की बचाव एकदम कोसळतो आणि परत ढाल घेईपर्यंत तसाच उघडा राहतो. आता बहुतेक जण काय करतात तर वेगवान पोकेमॉन आणतात, म्हणजे आधी आपण वार करतो, तेव्हा त्याची ढाल पुढेच असते आणि आपला वार वाया जातो. भाचीने मुद्दाम सगळ्यात सुस्त गडी निवडला, कोलॉसल, दगड आणि आग, कोळशाचा चालता डोंगर. एजिस्लॅश आधी वार करणार, तलवार बाहेर येणार, आणि मग त्या उघड्या अंगावर कोलॉसलची आग, जी पोलादाला दुप्पट लागते. मधला एक वार सहन करावा लागेल, तो फायटिंगचा असला तर दगडाला जोरात बसेल, तेवढा एचपी म्हणजे मार सोसायची ताकद हातात ठेवायची हे पण लिहिलेलं. मामा, हळू आहे म्हणूनच घेतलाय, असं म्हणाली.

हाच कोलॉसल शेवटच्या चॅरिझार्डसाठी पण. चॅरिझार्ड आग आणि उडणारा, दगडाचा मार आगीला दुप्पट, उडणाऱ्याला दुप्पट, म्हणजे चौपट. उलट बाजूने आगीचा मार दगडाला अर्धा, आगीला अर्धा, म्हणजे कोलॉसलला एक चतुर्थांश. अर्धा गुणिले अर्धा एक चतुर्थांश, सहावीच्या पुस्तकात अपूर्णांकांचा गुणाकार आहे आणि गेल्या चाचणीत याच पोरीला तो येत नव्हता, आता तोंडी सांगते. आता यात एक मेख अशी आहे की दोन्ही बाजूंना पूर्ण लढाईत एकदाच आपला पोकेमॉन अवाढव्य करता येतो, त्याला डायनामॅक्स म्हणतात, आणि तो तीनच टर्न टिकतो. लिऑन तो चॅरिझार्डसाठी राखून ठेवतो. मधेच कुठेतरी घाबरून तुम्ही तुमचा वापरून टाकला तर शेवटी त्या आकाशाएवढ्या चॅरिझार्डसमोर तुमचा गडी साधा उभा राहणार. तेव्हा वहीच्या शेवटच्या पानावर लाल स्केचपेनने चौकट करून लिहिलेलं, काहीही झालं तरी आधी वापरायचा नाही.

अजून एक नियम तिने स्वतःच स्वतःला घातलाय. गेममध्ये भरपूर वेळ घालवला तर पोकेमॉनची लेव्हल शंभरपर्यंत नेता येते आणि मग डोकं न चालवता कुणालाही आडवं करता येतं. लिऑनचा चॅरिझार्ड 65 लेव्हलचा. भाची म्हणते आपले पण 65 च्या वर न्यायचे नाहीत, नाहीतर हरवलं असं कसं म्हणायचं. हे तिला कुणी शिकवलं नाही, मी तर नाहीच.

ही वही आता कुठे आहे तर शाळेच्या कपाटात. इतिहासाच्या तासाला ती तक्ता भरत होती, बाईंनी बघितलं, घेतली. तासाला दुसरं काही करत होती म्हणून वही घेतली हे बरोबरच आहे, मी बाईंच्या जागी असतो तर मीही घेतली असती. पण ताईला शाळेत बोलावून सांगितलं गेलं की मुलगी वर्गात राक्षसांची चित्रं काढते, घरात काय वातावरण आहे बघा, आणि वही वर्ष संपल्यावर मिळेल. आतलं एकही पान कुणी वाचलं नव्हतं. अपूर्णांक तिथे होते, बचावाचा हिशोब तिथे होता, खोडून पुन्हा विचार केलेला तिथे होता, आणि नाव पडलं राक्षसांची चित्रं. शाळेचं नाव मी लिहिणार नाही, बाई शिकवतात चांगलं आणि पोरीचं तिथे सगळं बरं चाललंय, मला कुणाची तक्रार करायची नाहीये. मला एवढंच म्हणायचंय की घेण्याआधी नाहीतर घेतल्यानंतर तरी एकदा उघडून बघा आणि तास संपल्यावर परत द्या. पोरगी त्या दिवशी घरी येऊन रडली नाही, जेवली, आणि नवी वही घेऊन सगळा तक्ता आठवून परत काढायला बसली. अठराच्या अठरा. आजी शेजारी बसून हिरवे चौकोन रंगवत होती.

राक्षस म्हटलं की काकांना वाईट वाटतं, पण आपण नाशिककर पंचवटीत शूर्पणखेची गोष्ट ऐकत मोठे झालेले, आपल्याला राक्षसांची गोष्ट काही नवी नाही. आणि या गेममधले हे प्राणी मरत पण नाहीत, बेशुद्ध होतात, पोकेमॉन सेंटरला नेलं की फुकट बरे होतात. ज्या माणसाच्या डोक्यातून हे निघालं ते सातोशी ताजिरी टोकियोजवळच्या माचिदात वाढले, लहानपणी त्यांना किडे गोळा करायचं वेड होतं, मोठे होईपर्यंत तिथली शेतं आणि डबकी जाऊन इमारती आल्या. त्यांना वाटलं पुढच्या पोरांना हा आनंद कुठून मिळणार, त्यातून 27 फेब्रुवारी 1996 ला जपानमध्ये पहिले दोन गेम आले, 151 पोकेमॉन, आणि मुद्दाम असे बनवले की काही एकात मिळतात काही दुसऱ्यात, म्हणजे मित्राकडे जाऊन वायर जोडून अदलाबदल केल्याशिवाय सगळे मिळणारच नाहीत. आपल्या पाथर्डी फाट्याकडे, गंगापूर रोडला पण आम्ही लहान असताना मळे होते, पावसाळ्यात काजवे दिसायचे. तिथे आता काय आहे ते सगळ्यांना माहितीच आहे.

आता बुद्धिबळाबद्दल बोलतो. एप्रिल 2024 मध्ये टोरोंटोला कँडिडेट्स स्पर्धा, म्हणजे जगज्जेत्याला कोण आव्हान देणार ते ठरवणारी, चालू होती तेव्हा आपल्या नाशिकच्या विदित गुजराथीने दुसऱ्याच फेरीत, काळ्या मोहऱ्या घेऊन, अमेरिकेच्या हिकारू नाकामुराला हरवलं. नाकामुरा त्याआधी क्लासिकलमध्ये, म्हणजे जास्त वेळाच्या डावांत, 47 डाव सलग हरलेला नव्हता. आणि हे नशिबाने झालं नाही, विदितने घरी तयारी करून आणलेला उंटाचा बळी दिला आणि समोरचा अडकला. पुढे दुसऱ्या टप्प्यात परत हरवलं. आपल्या सगळ्यांची छाती फुगली होती की नाही? आमच्या कंपनीत ज्यांना घोडा अडीच घरं जातो एवढंच माहिती ते पण बोलत होते. न हरलेल्या माणसासमोर बसायच्या आधी त्याचे डाव काढून बघणं, त्याची सवय ओळखणं, आपल्या कच्च्या बाजूला काम देणं, एक चाल शेवटपर्यंत राखून ठेवणं, या सगळ्याला आपण बुद्धिबळात अभ्यास म्हणतो आणि मुलांना क्लास लावतो. अकरा वर्षांची पोरगी तेच सगळं करतेय तर ते टाइमपास कसं होतं हे मला कुणी समजावून सांगा. ती विदितएवढी हुशार आहे असं मी म्हणत नाहीये. काम त्याच जातीचं आहे असं म्हणतोय.

आणि हरण्याबद्दल. आमच्या लहानपणी कार्टून नेटवर्कवर हिंदीत पोकेमॉन लागायचं, ऍश नावाचा दहा वर्षांचा पोरगा आणि पिकाचू, शाळेतून आलं की दप्तर फेकून टीव्हीसमोर. ती मालिका जपानमध्ये एप्रिल 1997 ला सुरू झाली आणि हा पोरगा प्रत्येक मोठ्या लीगमध्ये हरत गेला. 2016 ला तर फायनलपर्यंत पोचून हरला, आणि तिथे समोर शेवटी चॅरिझार्डच होता, जगभरची पोरं हळहळली होती. पहिली मोठी लीग जिंकली 2019 मध्ये, आलोला नावाच्या प्रदेशाची. आणि नोव्हेंबर 2022 मध्ये याच लिऑनला, याच न हरलेल्या चॅम्पियनला त्याने हरवलं, शेवटच्या वाराला पिकाचू आणि चॅरिझार्ड. पंचवीस वर्षं लागली. मी तेव्हा नोकरीला होतो, रात्रपाळीच्या मधल्या सुट्टीत मोबाइलवर बघितलं आणि मला खरंच भरून आलं. ज्या पिढीने हे बघितलंय तिला हरणं म्हणजे काय आणि हरल्यावर परत टीम लावणं म्हणजे काय हे सांगायला लागत नाही. गेममधला रायहान पण तसाच, आठवा जिम लीडर, लिऑनचा पक्का प्रतिस्पर्धी, लिऑनसमोर कायम हरलेला आणि तरी पुन्हा तयारीला लागणारा. भाचीला तो लिऑनपेक्षा जास्त आवडतो.

लाडका गडी न सोडण्याचं पण सांगतो. 2014 ला वॉशिंग्टनला पोकेमॉनची जागतिक स्पर्धा झाली, ही स्पर्धा खरोखरच होते, लहान मुलांचा वेगळा गट असतो. तिथे दक्षिण कोरियाचा से जून पार्क जिंकला आणि त्याच्या टीममध्ये पाचिरिसू नावाची चिमुकली खार होती जिला त्या पातळीवर कुणी हात लावत नव्हतं. तिचं काम एवढंच की समोरच्याचे वार स्वतःकडे ओढून घ्यायचे आणि शेजारच्या मोठ्या गड्याला मोकळं सोडायचं. भाचीला हे मी सांगितलं तेव्हा तिने रिलाबूमच्या पानावर कोपऱ्यात छोटी खार काढली.

काकांच्या पत्रातला एक मुद्दा मात्र मला मान्य आहे आणि तो म्हणजे पैशाचा. मोबाइलवर पैसे लावून खेळायचे गेम, रमी म्हणा नाहीतर टीम लावायची ऍप म्हणा, त्यात आमच्या ओळखीतली दोन घरं अडचणीत आलेली मी बघितलीत. त्या गेमवर ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने बंदीचा कायदा केला, चांगलं झालं. पण त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्सना, म्हणजे स्पर्धा म्हणून खेळायच्या व्हिडिओ गेमना, वेगळं काढून मान्यता दिली, म्हणजे सरकारला पण फरक कळतो. सगळ्याला एकाच टोपलीत घालून गेम वाईट असं म्हटलं की पोरं आपलं ऐकणं सोडून देतात, कारण त्यांना फरक आपल्यापेक्षा जास्त कळतो. भाचीचा हा गेम एकदा विकत घेतला की संपलं, आत पैसे मागत नाही. आमच्याकडे नियम आहे की अभ्यास झाल्यावर एक तास, रविवारी दोन, जेवताना नाही, आणि चार्जर आजीच्या कपाटात. डोळ्यांची काळजी सगळ्यांनाच आहे, ताईला तर जास्तच. तासभर खेळून झाल्यावर उरलेला वेळ ती वहीत असते, स्क्रीनवर नाही, हे पण लक्षात घ्या.

पालकांना माझी विनंती अशी की काढून घ्यायच्या आधी शेजारी बसून एकदा विचारा, तुझ्यासमोर कोण आहे आणि तू काय ठरवलंयस. आमची आई सत्तरीच्या घरात आहे, तिला टाइप नाही कळत, पण ती रोज विचारते, त्या झगेवाल्याचं काय झालं गं. पोरगी मग वीस मिनिटं सांगत बसते, आणि सांगता सांगता तिला स्वतःच्याच प्लॅनमधली चूक सापडते, गार्डेवॉरची चूक अशीच सापडली. दाजी आधी फक्त जिंकलीस का एवढं विचारायचे, त्याला ती हो-नाही करून उठून जायची. आता दाजींनी पण प्रश्न बदललाय आणि दोघांचं बरं चाललंय.

संपादक साहेब, तुमच्याकडून एक गोष्ट हवी आहे. रविवारच्या पुरवणीत मुलांचं पान असतं, त्यात कोडी, गोष्टी, रंगवायचं चित्र येतं. त्यात अर्धा कॉलम असा ठेवा की मुलांनी स्वतःची तयारी स्वतःच्या शब्दांत लिहून पाठवायची, मग ती बुद्धिबळाची असो, कबड्डीच्या चढाईची असो, रुबिक क्यूबची किंवा पोकेमॉनची. जिंकल्याची बातमी नको, ती तुम्ही छापताच, फोटो आणि ढाल घेऊन. तयारी छापा, खाडाखोडीसकट. आणि आपल्या सार्वजनिक वाचनालयासारख्या 1840 पासून चालत आलेल्या संस्थेने, किंवा सिडकोतल्या कुठल्या अभ्यासिकेने, महिन्यातून एका रविवारी दुपारी दोन तास टेबलं मोकळी दिली तर ही पोरं वह्या घेऊन एकत्र बसतील, ताजिरींना तेच तर हवं होतं, की पोरांनी एकमेकांकडे जावं. वायफाय नको, पंखा आणि पाणी पुरे. खुर्च्या लावायला आणि नंतर उचलायला मी येईन, माझी पाळी असेल तर बदलून घेईन.

भाचीची लिऑनशी लढत चाचणी परीक्षा संपल्यावरच्या रविवारी आहे, तारीख तिनेच ठरवलीय. त्याआधी पहिली वही परत मिळाली तर बरं होईल, कारण सिंडरेससाठी काय ठरवलं होतं ते पान तिला अजून नीट आठवत नाहीये. कॉलम सुरू करणार असाल तर किती शब्दांत लिहायचं तेवढं छापून कळवा, ती म्हणतेय शंभर शब्दांत एजिस्लॅशसुद्धा मावणार नाही.

आपला,
एक वाचक आणि मामा,
सिडको, नाशिक